मधले दहा दिवस : वसई किल्ल्यातील वारसा-फेरीची चिकित्सा

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी नववीच्या मुलांना घेऊन मी वसई किल्ल्यातील वारसा-फेरीला गेलो होतो. मी याच गावात वाढलो. इतिहास शिकवण्यात नोकरी संपत आली. किल्ल्यात आजवर किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. पण दुसऱ्या कुणाच्या मागून, त्याने ठरवलेल्या वाटेने, तो सांगेल ते ऐकत हिंडण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. वाट दाखवणारा तरुण तयारीचा होता. आवाज मोठा, वाचन बऱ्यापैकी, आणि किल्ल्यावरचे प्रेम खरे. उन्हाळ्यात तटावरची झुडपे काढायला जाणाऱ्यांपैकी तो एक होता. दोन-अडीच तास मुले त्याच्यामागून खुशीने फिरली.

परतीच्या वाटेवर, बसची वाट पाहत असताना, रमेदीजवळच्या वाडीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. वर्गात ती फारशी बोलत नाही. तिने विचारले, "सर, ते सारखे 'आपण जिंकलो' म्हणत होते. त्या 'आपण'मध्ये मी आहे का?"

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. त्या तरुणाने योग्य शब्द वापरला होता, सगळ्यांना आत घेणारा. तरीही एका मुलीला आपण बाहेर राहिल्यासारखे वाटले. ती ख्रिस्ती आहे. तिचे पणजोबा-खापरपणजोबा याच मातीत केळी आणि भाजीपाला पिकवत होते. प्रश्न विचारताना ती रागावलेली नव्हती, तिला फक्त माहिती हवी होती. मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते शोधताना लक्षात आले की चूक एखाद्या शब्दाची नाही, फेरीच्या रचनेची आहे. प्रस्तुत लेख त्या रचनेविषयी आहे. वाट दाखवणाऱ्याला नावे ठेवण्याचा त्यात हेतू नाही. त्याला जे मिळाले तेच त्याने पुढे दिले.

दोन मिळालेल्या कथा

वारसा-फेरी हाही एक मजकूर असतो. पुस्तकात प्रकरणे असतात, तसे फेरीत थांबे असतात. कुठे किती वेळ थांबायचे, कुठून न थांबता पुढे जायचे, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे उतरवायचा, यातून तिचा अर्थ तयार होतो. तेव्हा ग्रंथाची करतो तशी तिचीही चिकित्सा करता येते.

वसईची फेरी दोन जुन्या मजकुरांच्या जोडणीतून झाली आहे. पहिला मजकूर अवशेषांचा. मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे जेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसई येथील इतिहास व पुरावशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. शिलालेख आणि थडग्यांवरचे लेख त्यांनी काळजीपूर्वक वाचले, आणि आज कुणीही जे सांगतो त्यातले बरेचसे तिथूनच आलेले आहे. पुढे १९४१ मध्ये ब्राझ फर्नांडिस यांनी वसईच्या अवशेषांची हिंडता-फिरता वापरायची मार्गदर्शिका काढली. या परंपरेचा सूर हळहळीचा आहे. इथे एक वैभवशाली नगर होते, ते गेले आणि छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतीवर पिंपळ वाढला, असा. ही कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती नगर रिकामे झाल्यानंतर.

दुसरा मजकूर विजयाचा. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील वसईविषयक पत्रे, य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम', शाळेतले धडे, पोवाडे आणि अलीकडची व्याख्याने यांतून तो आला. त्याचा सूर अभिमानाचा आहे आणि तो अभिमान अनाठायी नाही. अठराव्या शतकात एका एतद्देशीय सत्तेने युरोपीय बांधणीचे तटबंद शहर वेढा घालून, सुरुंग लावून घेतले, असे वारंवार घडलेले नाही. पण निशाण चढले की ही कथा संपते.

म्हणजे एक कथा लढाई झाल्यावर सुरू होते आणि दुसरी लढाई जिंकली त्या क्षणी थांबते. दोघींच्या मधे मे १७३९ मधले साधारण दहा दिवस उरतात : निर्वाणीचा हल्ला, शरणागतीची बोलणी, आणि हजारो माणसांचे घर सोडून जाणे. आमच्या फेरीत मी घड्याळ पाहत होतो. चर्चच्या अवशेषांना एक तास गेला. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी आणि त्यांच्या गोष्टींना पाऊण तास गेला. 'कोल्डप्ले' या इंग्रज गायकवृंदाच्या २०१६ च्या गाण्याचे चित्रीकरण कुठे झाले, हे दाखवण्यात दहा मिनिटे गेली. प्रत्यक्ष युद्धाच्या वाट्याला सात मिनिटे आली. ज्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडून शहराचा निकाल लागला, तिथे आम्ही गेलोच नाही. वाटेत काटे आहेत, असे सांगण्यात आले.

काळोख कोणाचा?

युद्धाच्या, अत्याचाराच्या, मृत्यूच्या जागा पाहायला जाण्याला इंग्रजीत 'डार्क टुरिझम' म्हणतात. जॉन लेनन आणि माल्कम फोली या अभ्यासकांनी १९९६ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली. अशा पर्यटनाबाबत पहिला प्रश्न उरतो तो असा, की काळोख कोणाच्या खात्यावर मांडायचा?

आमच्या फेरीत तो सगळा १७३९ च्या आधी ठेवला होता. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोन वर्षांत कोट उभा राहू लागला. गव्हर्नर नुनु द कुन्हा याच्या हुकुमाने पहिला कप्तान गार्सिया द सा याने तो बांधल्याचा १५३६ चा लेख आतल्या बालेकिल्ल्यात होता. पुढची दोनशे वर्षे हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. या काळात धर्माच्या नावाने जुलूम झाला, यात शंका नाही. बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेण्याचे हुकूम १५५९ पासून निघाले, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचत होता. हे मुलांना सांगितलेच पाहिजे. ते सांगितले नाही तर अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेपा का घालत होते, हे कळणार नाही. मोहिमेची पहिली मागणी पुण्यात उभी राहिली नव्हती. ती साष्टी-वसईच्या गावांतून वर गेली होती. भंडारी, कोळी, पाचकळशी, प्रभू अशा कितीतरी स्थानिकांनी वाटा दाखवल्या, बातम्या पोचवल्या, होड्या दिल्या. फेरीत अंजूरकरांचे नाव एका वाक्यात येऊन गेले. स्थानिक माणूस कर्ता म्हणून दिसण्याची जी जागा होती, ती अशी निसटली.

याहून गंभीर चूक पुढे आहे. जुलमाचे वर्णन चालू असताना मागे उभ्या असलेल्या चर्चकडे बोट होते, आणि 'त्यांनी' या सर्वनामात राज्यकर्ते फिदाल्गु, इन्क्विझिशनचे अधिकारी आणि गावोगावचे बाटलेले शेतकरी एकत्र आले होते. वास्तविक त्या राज्यात गावचा ख्रिस्ती कुणबी हा रयतच होता. जमीन फिदाल्गुची, कर राजाचा, आणि इन्क्विझिशनची नजर तर मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच असे, कारण बाप्तिस्मा झाल्यावर जुन्या चालीरीती पाळणे हाच तिच्या लेखी गुन्हा होता. तेव्हा त्या काळोखात जे चिरडले गेले त्यांत हिंदू होते तसेच नवख्रिस्तीही होते. हे एक वाक्य जरी सांगितले असते तरी त्या मुलीच्या प्रश्नाची धार कमी झाली असती.

युद्ध : सात मिनिटांत न मावणारे

१७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला. पोर्तुगीज तो अजून बांधतच होते. त्याच सुमारास अर्नाळा हाती आला. वसई मात्र आली नाही. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल, आणि हल्ला करता येईल अशी एकच जमिनीकडची रेताड बाजू. शिड्या लावून घ्यावा असा हा डोंगरी किल्ला नव्हता. कोनाकृती बुरूज एकमेकांच्या अंगावर तोफा रोखून उभे होते. एका बुरुजाकडे धावणारा दुसऱ्याच्या माऱ्यात सापडायचा. युरोपात बंदुकीच्या दारूच्या युगात तयार झालेले हे शास्त्र कोकणच्या वाळूत उभे होते, आणि त्याला उत्तर शोधण्यात मराठ्यांची दोन वर्षे गेली.

डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु मारला गेला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर गोव्याच्या साष्टीत घुसले होते, त्यामुळे गोव्याहून कुमक निघणे कठीण झाले. मुंबईचे इंग्रज शेजारी होते. त्यांनी सैन्य दिले नाही. चर्चमधली चांदी आणि तोफा तारण घेऊन १५ हजार रुपये कर्जाऊ दिले, असे ग्रँट डफ नोंदवतो. उत्तरेत नादिरशाह दिल्लीत शिरला होता, मार्चमध्ये तिथे कत्तल झाली आणि बाजीरावांना फौजा उत्तरेकडे हव्या होत्या. वर पावसाळा तोंडावर आलेला. जूनमध्ये वाळूतले मोर्चे पाण्याखाली जाणार आणि दोन वर्षांची मेहनत वाया जाणार. चिमाजी अप्पांच्या घाईमागे ही सगळी कोंडी होती.

फेरीत या कोंडीऐवजी एक गोष्ट सांगितली गेली. किल्ला हाती येत नाही असे दिसल्यावर, 'मला तोफेच्या तोंडी बांधून निदान माझे शिर तरी आत उडवा,' असे अप्पा म्हणाले, ही ती गोष्ट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती खरी की खोटी हा वाद इथे नको. अशा गोष्टी सेनेची ईर्ष्या सांगतात आणि त्यापुरत्या त्या मोलाच्या असतात. पण ती सांगितली की वेढ्याचे काम दिसेनासे होते. एका माणसाच्या एका वाक्याने तट पडला असे वाटू लागते. तट पडला तो वाळूत नागमोडी चर खणत, पाट्या टाकत, तटाच्या पायथ्याशी पोचून सुरुंगाची भुयारे काढणाऱ्या माणसांमुळे. वरून दगड, जळते हुक्के आणि गरनाळा पडत असताना हे काम दिवसेंदिवस चालले होते. यांची नावे कुठल्या पोवाड्यात नाहीत. बेलदार, पाथरवट, खणकरी ही माणसे फौजेच्या कागदांत संख्येने येतात, नावाने येत नाहीत.

पत्रांतले चिमाजी अप्पा या गोष्टीतल्या अप्पांपेक्षा वेगळे भेटतात. दारूगोळा, पैसा, माणसे यांची काळजी करणारे, सरदारांना सांभाळून घेणारे, आणि शत्रूच्या झुंजीची कदर करणारे. मानाजी आंग्रे, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, शंकराजी केशव फडके अशी निरनिराळ्या स्वभावांची माणसे त्यांना एका कामाला जुंपायची होती. मला हे अप्पा जास्त मोठे वाटतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही ते समजले असते.

दहा दिवस

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निर्वाणीचा हल्ला झाला. सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाखालचे सुरुंग उडाले, पण सगळे एकदम उडाले नाहीत. खिंडारात घुसलेल्या मराठ्यांवरच उशिरा उडालेल्या सुरुंगाने घात केला. पुन्हा हल्ला, पुन्हा माघार, मग बुरुजावर पाय रोवणे. सेनापती मार्तिन्यू द सिल्व्हेरा आधीच पडला होता. कायतानु द सौझा परेरा याने बोलणी लावली आणि १६ मे १७३९ रोजी तह झाला. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. काही ग्रंथांत याच तारखा ५ आणि १२ मे अशा दिसतात. इंग्रज तेव्हा जुने पंचांग वापरत होते, ते अकरा दिवस मागे होते. १७५२ साली त्यांनी ते बदलले. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून हे सांगितले.

या मोहिमेत किती माणसे गेली? १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात वसईपुढे मराठ्यांचे मृत आणि जखमी मिळून पाच हजारांवर, आणि आतले आठशे, असे आकडे आहेत. आकड्यांत थोडे इकडेतिकडे धरले तरी प्रमाण बोलके आहे. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांच्या कित्येक पट माणसे गमावली होती. 'आपण जिंकलो' हे वाक्य उच्चारताना या पाच हजारांचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या फेरीत कुणाला पडला नाही. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीजांची थडगी आहेत, त्यांवर कोरलेली नावे आणि वर्षे आजही वाचता येतात. मुले त्यांवरून चालत गेली. मराठा फौजेतल्या मेलेल्या शिपायाचे नाव असलेला एकही दगड आम्हाला दाखवला गेला नाही. पुतळा सेनापतीचा आहे आणि तो असावाच. पण ज्या वाळूत ते शिपाई पडले, ती बाहेरची बाजू फेरीच्या नकाशातच नाही.

आणि तह. त्याच्या अटी माझ्या मते वसईच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहेत. पोर्तुगीज शिबंदीने शस्त्रांनिशी, ढोल वाजवीत, निशाणे फडकवीत मानाने बाहेर जावे. ज्यांना जायचे आहे त्यांनी आपली चीजवस्त घेऊन जावे. जे मागे राहतील त्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. इतकी माणसे गमावल्यावर, शहर पायाशी आलेले असताना, जेत्याने हे मान्य केले. यात उदारपणा होता तसा व्यवहारही होता. पावसाच्या आत काम संपवायचे होते आणि प्रांत ओस पाडून वसूल मिळत नसतो. कारण काहीही असो, परिणाम आजवर टिकला. युरोपीय पाद्री आणि फिदाल्गु गेले. गावोगावचे ख्रिस्ती शेतकरी, कोळी, कारागीर राहिले. त्यांच्या चर्चची सेवा पुढे गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी चालवली. आज पापडी, सांडोर, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात जो मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती समाज आहे, त्याच्या असण्याला त्या मे महिन्यातल्या कागदाचा आधार आहे. आमच्या फेरीत या अटींचा उल्लेख झाला नाही. परस्त्रीला सन्मानाने परत पाठवल्याची एक कथा मात्र रंगवून सांगितली गेली. दंतकथेतल्या एका स्त्रीचा सन्मान सांगितला, आणि कागदावर नोंदलेला एका समाजाचा हक्क राहून गेला.

सागरी दरवाजापाशी आम्ही फोटोसाठी थांबलो. पलीकडे किल्लाबंदरच्या होड्या लागलेल्या होत्या. लोक बाहेर पडले, होड्यांत बसले, ते पाणी हेच. दोन शतके एका गावात राहिलेल्या माणसांना आठवडाभरात सगळे आवरून निघावे लागले. त्यांत जुलमी होते, तशी लहान मुले आणि म्हाताऱ्या बायाही होत्या. मागे राहिलेल्यांनी त्यांना जाताना पाहिले असेल, काहींनी सुटकेचा श्वास टाकला असेल, काहींच्या पोटात गोळा आला असेल. इतिहासाने आपल्याला या दोघांची पत्रे दिलेली नाहीत. तेव्हा वाट दाखवणाऱ्याने तिथे काल्पनिक संवाद रचू नयेत, पण दोन मिनिटे गप्प उभे राहायला सांगायला हरकत नव्हती.

घंटा गेल्या कुठे?

एका बाबतीत फेरी चांगली होती आणि ते नोंदवले पाहिजे. चर्चच्या ओस मनोऱ्याखाली उभे करून त्या तरुणाने मुलांना विचारले, "इथली घंटा कुठे आहे?" मोहिमेत मिळालेल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. मुलांचे डोळे चमकले. युद्धात एखादी वस्तू एका देवघरातून दुसऱ्या देवघरात कशी जाते, हे त्यांना एका प्रश्नात कळले.

मात्र इथेही तो 'लूट' आणि 'विजयचिन्ह' या दोन शब्दांवर थांबला. त्या घंटेवरची मेरीची आकृती कुणी घासून काढली नाही, ती तशीच ठेवून घंटा देवापुढे बांधली, या गोष्टीकडे त्याने लक्ष वेधले असते तर बरे झाले असते. रमेदीच्या माउलीच्या यात्रेला हिंदूही जातात, आणि चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी भिवंडी तालुक्यात बांधलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाची गोष्ट वसईच्या प्रत्येक घरात ठाऊक असते. विजय, लूट, श्रद्धा आणि शेजार यांची अशी गुंतागुंत हेच वसईचे वैशिष्ट्य आहे. अवशेषांच्या कथेत ते बसत नाही, विजयाच्या कथेतही बसत नाही.

न सांगितलेली दुसरी वसई

आणखी एक काळोख आहे, आणि तो 'आपल्या' खात्यावरचा आहे. किल्ला मराठ्यांकडे राहिला तो डिसेंबर १७८० पर्यंत. तेव्हा जनरल गोडार्डने वेढा घालून तो घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. मग २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरे बाजीराव पळाले ते याच वसईच्या आश्रयाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी कंपनीशी तह केला. कंपनीचे सैन्य पदरी ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा. मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा शेवट कागदावर इथे झाला.

ज्या वसईपुढे १७३९ मध्ये मल्हारराव होळकर पेशव्यांच्या बाजूने लढले, तिथेच ६३ वर्षांनी होळकर घराण्यातील यशवंतरावांच्या भीतीने पेशवा येऊन बसला. ज्या इंग्रजांनी वेढ्याच्या वेळी शेजाऱ्याच्या चर्चची चांदी तारण घेतली, त्यांनी आता पेशवाईच तारण घेतली. वसईत मुलांना मराठ्यांचा उत्कर्ष आणि अस्त एकाच पायवाटेवर दाखवता येतो. आमच्या फेरीत १८०२ चा तह अर्ध्या वाक्यात आला, 'पुढे इंग्रज आले' एवढाच. स्वतःच्या पराभवाचा थांबा नसलेली फेरी विजयाचाही अर्थ नीट सांगू शकत नाही. एकजूट मोडल्यावर काय होते हे दिसले की १७३९ च्या एकजुटीची किंमत कळते.

मग फेरी कशी असावी?

जगात इतरत्र या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. जर्मनीत गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकापासून फुटपाथवर हाताच्या पंजाएवढ्या पितळी पट्ट्या बसवायला सुरुवात केली. नाझींनी ज्यांना नेले, त्यांच्या दारात त्यांचे नाव आणि जन्मवर्ष. चालणाऱ्याला वाकून वाचावे लागते. उलट आपल्याकडे २०२१ मध्ये जालियनवाला बागेचे नूतनीकरण झाले तेव्हा त्या अरुंद बोळाच्या भिंतींवर शिल्पे बसवली गेली आणि देशभर टीका झाली. ज्या बोळाची अरुंदी हीच साक्ष होती, तिच्यावरच सजावट चढली. या दोन उदाहरणांतून एक कसोटी मिळते. जागा स्वतः काय सांगते, ते ऐकू येईल इतकी मोकळीक फेरीने ठेवली का?

वसईसाठी मी सुचवीन ते खर्चाचे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूला हात न लावता, फक्त चालण्याचा क्रम बदलून ते होईल. फेरी किल्ल्याच्या आत सुरू करू नये. जमिनीकडच्या दरवाजाबाहेर, जिथून तट अंगावर येतो तिथे सुरू करावी, म्हणजे चर खणणाऱ्याच्या उंचीवरून तट दिसेल. मग सेंट सेबॅस्टियनच्या बाजूला, काटे काढून. तिथे पाच हजारांचा आकडा सांगावा, टाळ्यांची गोष्ट नंतर. मग पुतळा. मग चर्च, थडग्यांवरून न चालता कडेने, एखादे नाव मोठ्याने वाचून. इन्क्विझिशन आणि अंजूरकर एकाच थांब्यावर, कारण ते कारण आणि परिणाम आहेत. शेवट सागरी दरवाजापाशी, तिथे १७३९ च्या तहाच्या अटी मराठीत वाचाव्यात, आणि लगेच १८०२ च्या.

आक्षेप येईल की इतके गंभीर झाले तर लोक येणार नाहीत, रविवारी माणसे हिंडायला येतात, श्राद्धाला नव्हे. यात तथ्य आहे. फेरी चालवणारे पदरमोड करतात, आणि त्यांनी गर्दी जमवली नसती तर किल्ल्यात आज प्रेमी युगुले आणि दारूच्या बाटल्या याशिवाय काही दिसले नसते. पण घंटेच्या प्रश्नाला मुलांचे डोळे कसे चमकले, ते मी पाहिले आहे. गुंतागुंतीला मुले घाबरत नाहीत. त्यांना कंटाळा येतो तो आधीच ठाऊक असलेल्या उत्तराचा.

पुढच्या सोमवारी त्या मुलीला मी उत्तर दिले ते असे. १७३९ मध्ये या परिसरातली माणसे तटाच्या दोन्ही बाजूंना होती. बाहेर वाटा दाखवणारे, होड्या वल्हवणारे होते. आत शिपाई होते, चाकर होते, चर्चमध्ये आसरा घेतलेली कुटुंबे होती. आणि पुष्कळ माणसे कुठल्याच बाजूला नव्हती, आपली वाडी जळू नये एवढीच त्यांची इच्छा असावी. तुझे पूर्वज यांपैकी कोण होते ते मला माहीत नाही, माझेही माहीत नाहीत. पण तह झाला तेव्हा त्यांनी इथे राहायचे ठरवले, आणि जिंकणाऱ्याने त्यांना राहू देण्याचे वचन कागदावर दिले. तेव्हा त्या 'आपण'मध्ये तू आहेस.

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग ते तिथे का सांगत नाहीत?"

पुढच्या डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. त्या तरुणाशी बोलणे झाले. बुरुजाकडची वाट साफ करायला तो तयार आहे, आणि सागरी दरवाजापाशी तहाच्या अटी कुणी वाचायच्या, तेही ठरले आहे.